एलएनजी आयात टर्मिनलचा पर्यावरण अहवाल कसा तपासायचा

द्रवरूप नैसर्गिक वायूच्या, म्हणजे एलएनजीच्या आयात टर्मिनलचा पर्यावरणीय आघात अहवाल सहसा हजारभर पानांचा असतो, आणि निर्णायक आकडे त्याच्या परिशिष्टांत विखुरलेले असतात. सुरुवातीचा गोषवारा सगळ्यात शेवटी वाचा. पहिल्यांदा प्रकल्पाचं वर्णन असलेलं प्रकरण उघडा. या अहवालांतली खोट बहुतेक वेळा एका प्रकरणात सापडत नाही, दोन प्रकरणं शेजारी ठेवली की दिसते. समुद्राचं प्रकरण सरासरी क्षमता धरून लिहिलेलं असतं, हवेच्या प्रकरणात जहाजाचा आकार वेगळा असतो, धोक्याच्या प्रकरणात यंत्रणाच दुसरी असते. प्रत्येक प्रकरण वेगळ्या सल्लागाराने वेगळ्या वेळी लिहिलेलं असतं, मधल्या काळात आराखडा बदललेला असतो. ही प्रकरणं एकमेकांना लावून पाहण्याचं काम तपासणाऱ्यावरच येतं.

आधी आकड्यांचा एक तक्ता करा

कोऱ्या कागदावर सहा गोष्टी लिहा: वार्षिक क्षमता, ताशी कमाल गॅसपुरवठा, टाक्यांची संख्या आणि आकारमान, सगळ्यात मोठ्या जहाजाचं आकारमान, वर्षाला किती जहाजं, आणि एलएनजीचं पुन्हा वायूत रूपांतर करण्याची पद्धत. मग प्रत्येक प्रकरणात हे सहा आकडे काय धरले आहेत ते पान क्रमांकासह पुढे लिहीत जा. जिथे फरक दिसेल तिथे खूण करा. हे कंटाळवाणं काम आहे, पण याच्याइतकं फळ देणारं दुसरं काम या तपासणीत नाही.

तक्ता भरताना साधी गणितं करून पाहा. एलएनजी उणे १६२ अंश सेल्सिअसला द्रवरूपात असतो, वायूच्या तुलनेत जागा साधारण सहाशेपटीने कमी घेतो, आणि त्याचं वजन घनमीटरला ४५० किलोच्या आसपास असतं. १,७४,००० घनमीटरचं जहाज, थोडा द्रव परतीसाठी ठेवून, सुमारे ७५ हजार टन उतरवतं. वर्षाला ५० लाख टनांच्या टर्मिनलला अशी सुमारे ६७ जहाजं लागतील. अहवालात ४५ जहाजं लिहिली असतील तर त्यांनी मोठी जहाजं धरली आहेत. ठीक आहे, पण मग गाळ काढण्याची खोली आणि वळणवर्तुळ (जहाज वळवायला लागणारी गोल जागा) त्या मोठ्या जहाजांसाठी मोजलं आहे का, ते बघा. २,६६,००० घनमीटरचं क्यू-मॅक्स जहाज ३४५ मीटर लांब असतं. १,७४,००० घनमीटरचं ३०० मीटरच्या आत बसतं. छोट्या जहाजाचा गाळ आणि मोठ्या जहाजांच्या कमी फेऱ्या, असं दोन्हीकडचं सोयीचं उचललेलं पुष्कळदा आढळतं.

आणखी एक झटपट कसोटी आहे. आयात टर्मिनलवर जहाज माल उतरवत असताना समुद्राचं पाणी आत घेतं, म्हणजे बॅलास्ट भरतं. एका मोठ्या जहाजाला ५० ते ६० हजार घनमीटर लागू शकतं. निर्यात टर्मिनलवर याच्या उलट घडतं, जहाज परक्या समुद्राचं पाणी सोडतं. आयात टर्मिनलच्या अहवालात बॅलास्टमधून येणाऱ्या परक्या जीवांवर पानंच्या पानं असतील आणि जहाजाने शोषून घेतलेल्या स्थानिक पाण्याबद्दल एक ओळही नसेल, तर मजकूर दुसऱ्या कुठल्या तरी प्रकल्पातून उचललेला आहे. असं आढळलं की बाकीचा अहवाल दुप्पट काळजीने वाचा.

गॅस गरम कशाने करणार?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टाकीतला थंड द्रव पंपाने उच्च दाबाला नेऊन गरम करतात आणि वायू नळात सोडतात. ही उष्णता कुठून आणायची या एका निर्णयावर समुद्र, हवा आणि धोका ही तिन्ही प्रकरणं ठरतात.

पहिली पद्धत खुल्या चक्राची. समुद्राचं पाणी उभ्या ॲल्युमिनियम नळ्यांवरून ओघळू देतात, आतून एलएनजी वर चढतो, आणि थंड झालेलं पाणी परत समुद्रात जातं. इंधन फारसं लागत नाही, पण पाणी प्रचंड लागतं. किती ते स्वतः मोजा. वर्षाला ५० लाख टन म्हणजे सेकंदाला सुमारे १५८ किलो. नळाच्या उच्च दाबाला एक किलो एलएनजी गरम करायला ढोबळमानाने ७०० किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण ११० मेगावॉटच्या आसपास उष्णता. समुद्राचं पाणी एक अंशाने थंड झालं की किलोमागे ४ किलोज्यूल देतं. पाणी ५ अंशांनी थंड करायचं ठरवलं तर सेकंदाला साडेपाच टन, म्हणजे तासाला १९ ते २० हजार घनमीटर पाणी हवं. ७ अंशांनी थंड केलं तर १४ हजारांवर भागतं, पण मग सोडलेलं पाणी अधिक गार. अहवालातला आकडा यापेक्षा खूप कमी असेल तर काहीतरी वगळलेलं आहे. शिवाय हे सरासरीचं गणित झालं. पंप कमाल पुरवठ्यासाठी बसवतात, त्यामुळे समुद्राचं प्रकरणही कमाल आकड्यावरच असायला हवं.

या पाण्याबरोबर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), माशांची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं आत जातात. पंपाचा मार, तापमानाचा झटका आणि क्लोरीन यांतून फारच थोडी वाचतात, म्हणून मूल्यांकनात शंभर टक्के मृत्यू धरणं हाच योग्य मार्ग. समजा घनमीटरमागे १० अंडी आहेत आणि दिवसाला ४.७ लाख घनमीटर पाणी घेतलं जातं, तर रोज ४७ लाख अंडी गेली. निसर्गातही बहुतेक अंडी मरतातच, असा युक्तिवाद अहवालात येईल. तो खरा आहे, पण त्यावर थांबू नका. या अंड्यांतून किती मासे मोठे झाले असते याचं प्रजातीवार गणित मागा, आणि त्यात जगण्याचं प्रमाण कुठल्या प्रजातीवरून उचललं ते विचारा. दुसऱ्या समुद्रातल्या दुसऱ्या माशाचा दर लावला असेल तर उत्तर दहापटीने इकडेतिकडे होऊ शकतं.

मोठे मासे जाळीवर चिकटून मरतात, तो प्रश्न वेगळा आणि सुटण्यासारखा आहे. पाणी घेण्याच्या तोंडाशी वेग सेकंदाला ०.१५ मीटरपेक्षा कमी ठेवला तर बहुतेक मासे पोहून सुटतात; अमेरिकेच्या नियमांत सेकंदाला अर्धा फूट ही जी मर्यादा येते ती हीच. मात्र वेग जाळीच्या भोकांमधून मोजलाय की समोरच्या पूर्ण क्षेत्रफळावर, हे तपासा. शेवाळ आणि शिंपले बसून जाळी अर्धी बुजली की वेग दुप्पट होतो.

आता सोडलेलं पाणी. औष्णिक वीजकेंद्राचं गरम पाणी वर तरंगतं; इथलं पाणी थंड, म्हणून जड, म्हणून खाली बसतं. ५ अंशांच्या फरकाने घनता घनमीटरला दीड किलोच्या आसपास वाढते. एवढ्यावर ते तळाशी पसरतं आणि उताराच्या दिशेने खोलगट भागात साचतं. सगळ्यात मोठी तांत्रिक चूक इथे होते: खोलीची सरासरी घेणारं द्विमितीय प्रारूप, म्हणजे संगणकावरचं मॉडेल, वापरतात. त्या प्रारूपात थंड थर दिसतच नाही, कारण तो वरच्या उबदार पाण्यात गणितानेच मिसळून टाकलेला असतो, आणि निष्कर्ष येतो की शंभर मीटरवर फरक नगण्य. तोंडाजवळच्या मिसळण्यासाठी कॉरमिक्ससारखं जवळच्या क्षेत्राचं प्रारूप आणि पुढच्या पसरण्यासाठी थरवार त्रिमितीय प्रारूप, असं दोन्ही मागा. निकाल तळाच्या थराचे हवेत, लहान भरतीच्या संथ पाण्यातले हवेत, आणि सोडलेलं थंड पाणी पुन्हा आत खेचलं जातंय का याचंही उत्तर हवं.

मोजमापाला आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या, म्हणजे आयएफसीच्या एलएनजी मार्गदर्शक सूचना उपयोगी पडतात. प्राथमिक मिसळण्याच्या क्षेत्राच्या कडेला तापमानाचा फरक ३ अंशांच्या आत असावा. असं क्षेत्र ठरवलेलं नसेल तर सोडण्याच्या जागेपासून १०० मीटर अंतर धरावं. मुक्त क्लोरीन ०.२ पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ०.२ भाग) कमी असावं. काही अहवालांत मिसळण्याचं क्षेत्र आधी प्रारूपाने काढतात आणि मग नियम त्याच्या कडेला पाळला गेला असं जाहीर करतात. तसं असेल तर नियम पाळला असं म्हणण्यात काहीच अर्थ उरत नाही.

क्लोरीन कशाला? नळांत शिंपले आणि शेवाळ वाढू नये म्हणून. बहुतेक ठिकाणी समुद्राच्या पाण्याचंच विद्युत-विघटन करून ते तिथल्या तिथे तयार करतात. समुद्राच्या पाण्यात ब्रोमाइड असतं, त्यामुळे क्लोरीन घातलं की ब्रोमोफॉर्मसारखी संयुगं बनतात, आणि ती ‘मुक्त क्लोरीन’च्या चाचणीत दिसत नाहीत. म्हणून ऑक्सिडीकारक पदार्थांचं एकूण शेष प्रमाण आणि ब्रोमोफॉर्म हे दोन्ही मोजायला सांगा. डोस सतत देणार की मधूनमधून मोठा झटका देणार, झटक्याच्या वेळी बाहेरचं प्रमाण किती, हे लिहिलेलं नसेल तर तो भाग अपुरा आहे. जर्मनीत विल्हेल्म्सहाफेनला डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या तरंगत्या टर्मिनलवर पर्यावरण संघटनांनी बोट ठेवलं ते या क्लोरीनवरच. त्याच वर्षी तिथे एलएनजी प्रकल्प लवकर उभारण्यासाठी कायदा होऊन, काही अटींवर आघात मूल्यांकन वगळण्याची सोय करण्यात आली होती. अशी सूट मिळते तेव्हा सोडलेल्या पाण्याचे हे प्रश्न टर्मिनल चालू झाल्यावरच पुढे येतात.

दुसरी पद्धत बंद चक्राची: थोडा गॅस जाळून पाण्याची टाकी गरम करायची आणि त्यात बुडवलेल्या नळ्यांतून एलएनजी न्यायचा. समुद्र वाचतो, पण पुरवठ्याच्या साधारण दीड ते दोन टक्के गॅस जळतो. ५० लाख टनांचा दीड टक्का ७५ हजार टन, त्याचा कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन लाख टनांच्या पुढे. शिवाय नायट्रोजन ऑक्साइड्स येतात, आणि टाकीतलं पाणी आम्लधर्मी होत जातं. ते उदासीन करून सोडावं लागतं. मेक्सिकोच्या आखातात हा वाद प्रत्यक्ष झाला. मासेमारीवर परिणाम होईल म्हणून लुइझियानाच्या राज्यपाल कॅथलीन ब्लँको यांनी २००६ साली मेन पास एनर्जी हब या खुल्या चक्राच्या प्रकल्पाला नकार दिला. कंपनीने बंद चक्राचा सुधारित प्रस्ताव आणल्यावर वाट मोकळी झाली. पर्यायांची तुलना दिखाव्यापुरती नसते, ती प्रकल्प बदलू शकते, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

तिसरी पद्धत मधल्या द्रवाची. समुद्राचं पाणी प्रोपेनला उष्णता देतं आणि प्रोपेन एलएनजीला. पाणी गढूळ असेल, वाळू जास्त असेल तर खुल्या नळ्यांवरचा जस्त-ॲल्युमिनियमचा थर झिजतो, तिथे ही पद्धत निवडतात. पण प्रोपेन सामान्य तापमानालाही हवेपेक्षा जड असतं आणि त्याच्या स्फोटाचं वर्तन मिथेनपेक्षा वाईट आहे. म्हणून वर्णनाच्या प्रकरणात प्रोपेन दिसलं की लगेच धोक्याच्या प्रकरणात जा. तिथे प्रोपेनची गळती मोजलेली नसेल तर तो मोठा दोष आहे. याऐवजी ग्लायकॉल मिसळलेलं पाणीही वापरता येतं. तो पर्याय का सोडला हे विचारायला हरकत नाही.

हवेच्या उष्णतेवर चालणारे व्हेपोरायझरही (एलएनजीचा वायू करणारी यंत्रं) असतात. त्यांना जागा जास्त लागते, आणि दमट हवेत दाट धुकं तयार होतं. रस्ता किंवा धावपट्टी जवळ असेल तर त्या धुक्याचा अभ्यास हवा. आणि शेजारी वीजकेंद्र असेल तर त्याची वाया जाणारी उष्णता वापरता येते. इंग्लंडमधल्या आइल ऑफ ग्रेन टर्मिनलला शेजारच्या वीजकेंद्राची उष्णता मिळते. एकाला गार पाणी सोडायचं आहे, दुसऱ्याला गरम. दोघांचा प्रश्न एकमेकांत सुटतो. हा पर्याय शक्य असतानाही पर्यायांच्या प्रकरणात नसेल तर तो मागाच.

गाळ

इथे घनमीटर मोजताना हात राखला जातो. जहाजांची पाच किलोमीटर लांब, २५० मीटर रुंद वाट तीन मीटरने खोल करायची तर ३७.५ लाख घनमीटर. पण कडा उभ्या राहत नाहीत. पाचास एक उतार (पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर उंची) धरला तर सव्वादोन लाख वाढले. यंत्र काटेकोर खणत नाही. अर्धा मीटर जादा धरला तर आणखी सव्वासहा लाख. आकडा ४६ लाखांवर गेला, आणि यात वळणवर्तुळ नाहीच. ते जहाजाच्या लांबीच्या साधारण दुप्पट व्यासाचं असतं: ६०० मीटर व्यास, तीन मीटर खोली, म्हणजे आणखी साडेआठ लाख. अहवालात ३७.५ लाख लिहिलं असेल तर वरच्या गोष्टी कुठे गेल्या ते विचारा.

गाळाचे नमुने वरवरचे नकोत. खणायच्या पूर्ण खोलीपर्यंतचे गाभे काढून त्यांत जड धातू, तेलातली बहुचक्रीय संयुगं आणि जहाजांच्या जुन्या रंगांतलं ट्रायब्युटिलटिन तपासलेलं हवं. जुन्या बंदरात विष बहुधा वरच्या थरात नसतं, मीटरभर खाली गाडलेलं असतं. गाळ समुद्रात टाकणार असतील तर १९७२ चा लंडन करार आणि १९९६ चा त्याचा प्रोटोकॉल यांच्या चौकटीत त्याचा निचरा बसतो का, टाकण्याच्या जागी मासेमारी होते का, आणि तो गाळ प्रवाहाने परत वाटेत येतो का, हे तिन्ही पाहा.

दरवर्षी पुन्हा काढावा लागणारा गाळ हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. खोदकाम एकदाचं असतं, देखभालीचा गाळ तीस वर्षं निघत राहतो. खाडीच्या तोंडाशी खोल वाट केली की भरतीचं खारं पाणी आत दूरवर जातं आणि किनाऱ्याची झीजही बदलते. हे दोन्ही परिणाम अहवालात एका वाक्यात उरकलेले असतील तर प्रवाहाच्या प्रारूपात वाट खोदल्यानंतरचा तळ भरून पुन्हा चालवलंय का, तेवढंच विचारा. उत्तरावरून बाकीचं कळतं.

धक्क्याजवळ लाटा किती येतात याचाही इथेच विचार करा. दाभोळच्या टर्मिनलला लाटारोधक भिंत अपुरी असल्यामुळे पावसाळ्यात जहाजं घेता येत नव्हती. भिंत नंतर कधीतरी बांधू असं म्हणून मूल्यांकन भिंतीशिवाय केलं, तर भिंतीचे दगड, खाणी, ट्रकच्या फेऱ्या आणि तिच्यामुळे बदलणारी वाळूची हालचाल यांतलं काहीच तपासलं जात नाही.

धोक्याचं प्रकरण

एलएनजी सांडला की तो उकळतो. वाफ सुरुवातीला इतकी थंड असते की हवेपेक्षा जड राहते आणि जमिनीलगत पसरते. उणे ११० अंशांच्या आसपास गरम झाल्यावर हलकी होते. हवेत ५ ते १५ टक्के प्रमाण असताना ती पेटते. पाण्यावर सांडला तर क्षणात वाफ होऊन आग नसतानाही दाबाचा स्फोट होऊ शकतो.

तपासायचं ते असं. जमिनीवरच्या गळतीसाठी अमेरिकेत एनएफपीए ५९ए आणि युरोपात ईएन १४७३ ही मानकं वापरतात. एनएफपीएच्या पद्धतीत आगीची उष्णता प्रकल्पाच्या हद्दीवर चौरस मीटरला ५ किलोवॅटच्या वर जाऊ नये; एवढ्या उष्णतेत उघड्या त्वचेला अर्ध्या-पाऊण मिनिटात गंभीर भाजतं. वाफेच्या ढगासाठी पेटण्याच्या किमान मर्यादेच्या निम्मं, म्हणजे अडीच टक्के प्रमाण धरतात, कारण ढगात कुठे दाट कुठे विरळ असं असतं. वाऱ्याचा वेग कोणता धरला तेही बघा. जोराच्या वाऱ्यात ढग लवकर विरतो. सगळ्यात लांब जातो तो रात्रीच्या स्थिर हवेत, सेकंदाला दोन मीटरच्या मंद वाऱ्यात. वार्षिक सरासरी वारा घेऊन काढलेलं अंतर स्वीकारू नका.

जहाजातून पाण्यावर होणाऱ्या गळतीसाठी अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेचा २००४ चा अभ्यास अजूनही आधाराला घेतात. हेतुपुरस्सर घातपातात ५ चौरस मीटरचं भगदाड धरून त्यांनी दाखवलं की चौरस मीटरला ३७.५ किलोवॅटची उष्णता सुमारे ५०० मीटरपर्यंत आणि ५ किलोवॅटची सुमारे १६०० मीटरपर्यंत पोहोचू शकते. वर्तुळ फक्त धक्क्याभोवती काढलेलं असेल तर ते जहाजाच्या संपूर्ण वाटेवर ओढून बघा, वाटेत वस्ती, मासेमारी बंदर, फेरी येते का.

जुन्या अपघातांचा उल्लेख अहवालात असतो, पण त्यातून धडा घेतलेला दिसत नाही. १९४४ साली क्लीव्हलँडला टाकी फुटून सुमारे १३० माणसं गेली. टाकीच्या पोलादात निकेल कमी होतं, थंडीत ते ठिसूळ झालं, आणि द्रव अडवणारा पुरेसा बांध नव्हता. आज आतल्या टाकीला ९ टक्के निकेलचं पोलाद आणि बाहेरून काँक्रीटची पूर्ण टाकी वापरतात ते यामुळे. १९७१ साली इटलीत ला स्पेझियाला वेगळ्या घनतेचा माल टाकीत खाली भरला गेला, थर अचानक उलटले, आणि संरक्षक झडपांतून मोठ्या प्रमाणात वाफ हवेत गेली. म्हणून टाकीत वरून आणि खालून भरण्याची सोय आणि उंचीनुसार घनता मोजणारी यंत्रणा आहे का ते वर्णनात शोधा. २००४ साली अल्जीरियातल्या स्किकदाच्या कारखान्यात गळलेला वायू बॉयलरच्या हवेच्या तोंडातून आत ओढला गेला आणि २७ जणांचा जीव गेला. तो निर्यातीचा कारखाना होता, पण जिथे जिथे ज्वलन करणारं यंत्र बाहेरची हवा ओढतं तिथे वायुशोधक हवा, ही गोष्ट गॅस जाळणाऱ्या व्हेपोरायझरलाही तितकीच लागू पडते.

अहवाल सांगतो की एलएनजी सांडला तरी तेलासारखा तवंग राहत नाही. बरोबर आहे. पण जहाजात आणि टगमध्ये (जहाज ओढणाऱ्या बोटीत) इंधन तेल असतं, आणि समुद्रात तेल सांडण्याची खरी शक्यता तिथून येते. तेलगळतीचा आराखडा आहे का, आणि तिवरांच्या जंगलापर्यंत तेल किती तासांत पोहोचेल याचं गणित आहे का, ते बघा.

हवा, वाफ आणि मिथेन

टाकी कितीही चांगली असली तरी दिवसाला सुमारे ०.०५ टक्के द्रव उकळतो. १,६०,००० घनमीटरच्या दोन टाक्यांतून रोज १६० घनमीटर, म्हणजे ७२ टन. ही वाफ बाहेर जाणाऱ्या थंड द्रवात पुन्हा विरघळवतात. इथे मेख आहे: पुरवठा थांबला तर विरघळवायला द्रवच वाहत नसतो. त्यामुळे किमान पुरवठा किती लागेल आणि त्याखाली वाफेचं काय करणार, हा प्रश्न लेखी विचारा. ७२ टन वाफ ज्वालेत जाळली तर सुमारे २०० टन कार्बन डायऑक्साइड होतो. तशीच सोडली तर तिच्यातल्या मिथेनची हवा तापवण्याची ताकद शंभर वर्षांच्या मापाने दोन हजार टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी, आणि वीस वर्षांच्या मापाने सहा हजारांच्या जवळ. २०२१ च्या आयपीसीसी (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समिती) अहवालात जीवाश्म मिथेनचे हे गुणक २९.८ आणि ८२.५ आहेत. अहवालात फक्त पहिला गुणक असेल तर दुसऱ्याने पुन्हा हिशेब मागा.

हवेच्या प्रारूपात धक्क्याला लागलेल्या जहाजाची इंजिनं, टग, जळणारे व्हेपोरायझर आणि आणीबाणीची ज्वाला एकाच वेळी चालू धरलेली असावीत. बाकी हा भाग सहसा बरा लिहिलेला असतो.

मूळ स्थितीचं सर्वेक्षण

एका ऋतूत घेतलेले नमुने प्लवकांबद्दल काहीच सिद्ध करत नाहीत. माशांच्या विणीचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा असतो. तो चुकवला की पाण्यात अंडी दिसतच नाहीत. वर्षभर, दरमहा, दिवसा आणि रात्री, पृष्ठभाग-मध्य-तळ अशा तिन्ही थरांत, आणि नेमक्या पाणी घेण्याच्या जागेवर नमुने हवेत. रात्री प्लवक वर येतात, म्हणून फक्त दिवसाचे नमुने संख्या कमी दाखवतात. प्रवाहमापक निदान १५ दिवस पाण्यात हवा, म्हणजे मोठी आणि लहान भरती दोन्ही त्यात येतात. ३० दिवस असेल तर उत्तम. प्रारूप ज्या मापांवर जुळवलं, त्याच मापांवर ‘पडताळलं’ असं लिहिलेलं असेल तर ती पडताळणी नव्हे.

मासेमारीचं सर्वेक्षण बंदरावरच्या आवकेच्या आकड्यांवर भागवतात. जहाज येताना-जाताना भोवती बंद क्षेत्र असतं. वर्षाला ६७ जहाजं म्हणजे १३४ वेळा ती वाट बंद. कुठली जाळी कुठे लागते, डोल (प्रवाहात बांधून ठेवायची जाळी) कुठे बांधतात, भरतीच्या कुठल्या वेळेला होड्या निघतात, हे नकाशावर मच्छीमारांकडूनच भरून घेतलेलं असेल तरच नुकसानीचा अंदाज खरा येतो. खांब ठोकण्याचं काम डॉल्फिन आणि विणीच्या माशांसाठी सगळ्यात घातक. हळूहळू वाढवत जाणारे ठोके, भोवतीचा बुडबुड्यांचा पडदा, ५०० मीटरमध्ये प्राणी दिसला की काम सुरू न करणं, आणि विणीच्या महिन्यांत पूर्ण बंदी, हे सगळं कामाच्या वेळापत्रकात दिसलं पाहिजे. उपाययोजनांच्या प्रकरणात बंदी आणि वेळापत्रकात त्याच महिन्यात खांब, असं घडतं.

जे अहवालात येतच नाही

टाक्यांची पाण्याने चाचणी. एलएनजी पाण्याच्या निम्म्याहून हलका, म्हणून टाकी साधारण ६० टक्के पाण्याने भरतात; १,६०,००० घनमीटरच्या टाकीला लाखभर घनमीटर. ते कुठून आणणार, गंजरोधक घालणार का, किती दिवसांत कुठे सोडणार? गोडं पाणी असेल तर उन्हाळ्यात परिसराच्या वाट्याचं किती जाईल?

टर्मिनलपासून मुख्य जाळ्यापर्यंतचा वायुनळ, वीजवाहिनी, रस्ता आणि भराव यांसाठी अनेकदा वेगळे अर्ज केलेले असतात. टर्मिनल नळाशिवाय चालत नाही, मग त्याचे परिणाम वेगळे कसे मोजणार? सगळ्यांचा एकत्र नकाशा मागा, आणि त्यावर तिवरं, समुद्री गवत, कासवांचे किनारे ठेवून क्षेत्रफळ जोडा.

हरकत आणि अटी कशा लिहायच्या

प्रत्येक हरकत तीन ओळींत बसवा: पान आणि तक्ता क्रमांक, काय विसंगत आहे, आणि नेमकं काय पुन्हा करून हवं. ‘सागरी जीवनावर परिणाम होईल’ या वाक्याला एका वाक्यात उत्तर देता येतं. ‘पाण्याचं प्रारूप ताशी १२ हजार घनमीटरवर आहे, पंपांची क्षमता वर्णनात २४ हजार दिली आहे, कमाल प्रवाहावर लहान भरतीत पुन्हा चालवून तळाच्या थराचा नकाशा द्या’ असं लिहिलं की मुद्देसूद उत्तर द्यावंच लागतं. अशा चार-पाच भक्कम हरकती पन्नास मोघम हरकतींपेक्षा उपयोगाच्या.

परवानगी मिळणारच असेल तर अटींवर लक्ष द्या. ‘योग्य ती देखरेख करावी’ ही अट नव्हे. काय मोजायचं, कुठे, किती वेळाने, कुठल्या आकड्याला कुठली कृती, आणि ती किती तासांत, हे अटीतच असावं: सोडलेल्या पाण्यातलं क्लोरीन सतत मोजणारा मापक, ०.२ ओलांडलं की डोस आपोआप बंद. गाळ काढताना गढूळपणा ठरवलेल्या मर्यादेवर गेला की यंत्र थांबणार, आणि मर्यादेखाली आल्याशिवाय सुरू होणार नाही. आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत, मापक बंद होता ते दिवसही त्यात दाखवलेले असावेत, आणि पाणी घेण्याच्या तोंडाशी प्लवकांचे नमुने चालू झाल्यापासून निदान तीन वर्षं घेतले जावेत, म्हणजे अहवालातला अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजता येईल.